लाज, गर्व आणि भरवसा : पंडिता रमाबाईंच्या दोन दुष्काळांच्या निमित्ताने

शिळफाट्यावर पेणचा रस्ता आणि पुण्याचा रस्ता वेगळे होतात. पुण्याकडे तोंड केले की समोर बोरघाटाची भिंत उभी राहते आणि तिच्या माथ्यावर, नजरेआड, खंडाळा-लोणावळा. लोणावळ्याकडच्या तलावांचे पाणी १९१५ पासून मोठाल्या नळांतून खाली खोपोलीच्या वीजघरात उतरते, ते आम्हा इथल्या लोकांच्या रोजच्या पाहण्यातले आहे. त्याच्याही आधी, १८५६ मध्ये, खोपोलीपर्यंत आगगाडी आली होती. मुंबईचा प्रवासी इथे उतरून पालखीने किंवा पायी घाट चढे. १८६३ साली कर्जतवरून घाटातून लोहमार्ग सुरू झाला आणि खोपोली बाजूला पडली. घाट मात्र पहिल्यासारखाच मधोमध राहिला. मुंबईच्या आणि पुण्याच्या मधला महाराष्ट्राचा एकोणिसाव्या शतकातला बराचसा इतिहास या चढणीवरून गेला आहे.

त्या इतिहासातला एक लहानसा प्रसंग घाटमाथ्यावरचा आहे आणि तो फारसा कुणाच्या ध्यानात नाही. उन्हाळ्यात लोणावळ्याला ख्रिस्ती मंडळींचे प्रार्थनामेळावे भरत. १८९६ च्या अखेरीस मोठा दुष्काळ पडला, त्यापूर्वीच्या अशा एका मेळाव्याला पुण्याहून पंडिता रमाबाई गेल्या होत्या. बरोबर त्यांच्या शारदा सदनातल्या पंधरा मुली होत्या. या मुलींनी ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली होती. एका पहाटे रमाबाई एकट्याच रानात गेल्या. सूर्य वर येताना पाहिला आणि त्यांनी प्रार्थना केली की, देवा, या पंधरांचा वर्ग कर. पंधरा गुणिले पंधरा, म्हणजे दोनशे पंचवीस. हा प्रसंग त्यांनी स्वतःच १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ‘साक्षी’त नोंदवून ठेवला आहे. पुढे थोड्याच काळात मध्य प्रांतात दुष्काळाने माणसे मरू लागली आणि रमाबाई तिकडे जाऊन सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या.

हे वाचताना मला प्रथम त्या प्रार्थनेतल्या गणिताची गंमत वाटली. देवाकडे मागतानाही पाढे विसरू न देणारी पंडिताच ती! नंतर मात्र अस्वस्थ व्हायला झाले. प्रार्थना फळाला आली ती दुष्काळाने? दोनशे पंचवीस मुली मिळाव्यात म्हणून कितीजणींच्या आयांनी उपाशी मरायचे? देवावर भरवसा ठेवणे म्हणजे नेमके काय, आणि त्या भरवशात ‘मी मागितले आणि मला मिळाले’ हा सूक्ष्म गर्व शिरत नाही कशावरून? या प्रश्नांचा माग काढता काढता रमाबाईंच्या आयुष्यातल्या आणखी एका, बावीस वर्षांपूर्वीच्या दुष्काळापाशी जाऊन पोचावे लागते. ख्रिस्ती विचारातल्या गर्व, नम्रता आणि ईश्वरी तरतूद या तीन कल्पना पुस्तकात वाचल्या तर कोरड्या वाटतात. रमाबाईंच्या दोन दुष्काळांमध्ये मात्र त्या हाडामांसाच्या होतात.

आधी थोडे शब्दांविषयी. ख्रिस्ती परंपरेत गर्व हे पापांचे मूळ मानले आहे. चोरी, व्यभिचार, क्रोध हे नंतरचे. आधी येते ते ‘मला देवाची गरज नाही’ असे वाटणे. सर्वांत तेजस्वी देवदूताचे पतन याच गर्वाने झाले, ही कथा मराठीत काही मिशनऱ्यांच्या काळात प्रथम आली असे नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या, १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त ती ओवीबद्ध झालेली आहे. म्हणजे तुकोबा अजून लहान होते तेव्हा.

गर्वाच्या उलट नम्रता. तिचा ख्रिस्ती आदर्श म्हणजे स्वतः ख्रिस्त, ज्याने वरचे स्थान सोडून सेवकाचे रूप घेतले आणि शेवटच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले. आणि तिसरी कल्पना तरतुदीची. आकाशातल्या पाखरांची आणि रानातल्या फुलांची काळजी वाहणारा बाप तुमचीही वाहील, तेव्हा उद्याच्या चिंतेने जळू नका, हा येशूच्या डोंगरावरील प्रवचनाचा आशय बहुतेकांना ठाऊक असतो. या तीन कल्पना एकमेकींत गुंतलेल्या आहेत. गर्विष्ठ माणूस भरवसा ठेवू शकत नाही, कारण त्याचा सगळा भार स्वतःवर असतो. आणि ज्याला खरोखर भरवसा आहे त्याला मान खाली घालण्यात कमीपणा वाटत नाही.

मात्र भाषेत एक खाच आहे आणि पुढच्या सगळ्या गोष्टीत ती आड येते. इंग्रजीत प्राइड हा एकच शब्द आहे. मराठीत आपण अभिमान, स्वाभिमान, गर्व, ताठा, अहंकार, दर्प असे कितीतरी भेद करतो. ‘मला माझ्या मुलीचा अभिमान वाटतो’ म्हणणारी आई काही पाप कबूल करत नसते. तसेच दुसऱ्या टोकाला नम्रता वेगळी, लाचारी वेगळी. आणि ईश्वरावरचा भरवसा वेगळा, ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही वृत्ती वेगळी. ती म्हण तर आपण चेष्टेनेच वापरतो. इंग्लंडमध्ये रमाबाईंच्या वाट्याला जो वाद आला, त्यात या भेदांचा मोठा भाग होता असे माझे मत आहे. पण त्याआधी पहिला दुष्काळ.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान चित्पावन ब्राह्मण. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला, तरी ते मागे हटले नाहीत. सह्याद्रीत गंगामूळ येथील रानात त्यांनी आश्रम केला. तिथे १८५८ मध्ये रमाबाईंचा जन्म झाला. पुढे सगळे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले ते कायमचेच. एकेका क्षेत्री मुक्काम करायचा, पुराण सांगायचे, मिळेल त्या दक्षिणेवर राहायचे आणि उरेल ते दानधर्मात घालायचे. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा हे कुटुंब जवळचे सगळे संपवून बसले होते. भांडी गेली, दागिने गेले, कपडे गेले. शास्त्रीबुवांनी देवाला साकडे घातले, व्रते केली, अनुष्ठाने केली. देव काहीतरी करील, या आशेवर दिवस ढकलले.

रमाबाईंनी या दिवसांच्या आठवणी पुढे इंग्रजीत लिहिल्या. त्यांतली एक कबुली मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्या सांगतात की, आम्ही भीक मागायला किंवा हलके काम करायला फार मानी होतो आणि पोट भरण्याचे कोणतेही साधे कौशल्य आमच्याजवळ नव्हते. संस्कृत ग्रंथांचे ज्ञान तेवढे होते. म्हणजे त्या कुटुंबाला भूक मारत होती हे जितके खरे, तितकेच ‘आपण कोण!’ ही जाणीव मारत होती हेही खरे. अखेर शेवटचा दाणा संपल्यावर शास्त्रीबुवांनी जलसमाधीचा विचार केला. त्या वेळी थोरला भाऊ श्रीनिवास पुढे झाला. आपण जातीचा ताठा सोडून देऊ, म्हाताऱ्या आईबापांसाठी मजुरी करू, वडिलांना डोंगरावरून खाली गावात नेऊ, असे तो म्हणाला. रमाबाईंच्या साऱ्या लेखनात नम्रतेची पहिली व्याख्या मला इथे दिसते. ती कुठल्या धर्मग्रंथातून आलेली नाही, आणि बोलणारा मुलगा ख्रिस्तीही नाही.

उशीर झाला होता. वडील गेले. मग आईची पाळी आली. उपासाने आणि तापाने भ्रमात गेलेली आई बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागत होती. सोळा वर्षांच्या रमाबाई एका ब्राह्मण बाईच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. पण तोंडातून शब्दच फुटेना. अश्रू आवरता आवरेनात. त्या बाईनेच ओळखले आणि विचारले तेव्हा कुठे भाकरीचा तुकडा मागितला गेला. तो घेऊन रमाबाई धावत आल्या, तर आईत तो खाण्याचे त्राणच उरले नव्हते. आई गेली, काही दिवसांनी थोरली बहीणही गेली.

दारातली ती मुलगी गर्विष्ठ होती का? नाही म्हणवत नाही आणि हो म्हणवत नाही. लाज आणि गर्व यांच्यात पुसटशीच रेघ असते. विशेषतः ज्या घरांत ‘आपल्यात हे चालत नाही’ हे दुधाबरोबर पाजलेले असते तिथे. एवढे मात्र खरे की या कुटुंबाचा ईश्वरावरचा विश्वास कमी नव्हता. त्यात श्रीनिवासने दाखवलेला हात हलवण्याचा भाग शेवटच्या क्षणापर्यंत आला नाही. येशूच्या मोहाची एक कथा शुभवर्तमानांत आहे. सैतान त्याला मंदिराच्या शिखरावर उभा करतो आणि म्हणतो, उडी टाक, देवदूत तुला झेलतील. येशू नकार देतो. देवाची परीक्षा पाहायची नसते असे सांगतो. भरवशाचे सोंग घेतलेला गर्व कसा असतो याचे यापेक्षा नेमके चित्र मला माहीत नाही. अनंतशास्त्री सोंग करत नव्हते, हेही इथेच म्हटले पाहिजे. ते प्रामाणिक होते, आणि त्या प्रामाणिकपणाची किंमत त्यांनी आणि त्यांच्या मुलांनी मोजली.

पुढचा भाग बहुतेक वाचकांना ठाऊक आहे म्हणून थोडक्यात. भाऊबहीण हजारो मैल पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. भाऊ वारला. १८८० मध्ये रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जात मोडून, विवाह केला. १८८२ मध्ये वैधव्य आले. पदरात मनोरमा. पुण्यात आर्य महिला समाज काढून, १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन जोगिणींच्या मठात २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात खळबळ उडाली. खरी गंमत पुढेच आहे, कारण ज्यांनी त्यांना धर्मात घेतले त्यांच्याशीच त्यांचा खटका उडाला.

त्यांची धर्ममाता सिस्टर जेराल्डिन. ही बाई दुष्ट नव्हती. रमाबाईंवर आणि मनोरमेवर तिची माया होती. पण नव्या ख्रिस्ती झालेल्या हिंदुस्थानी बाईने मठाच्या वडीलधाऱ्यांचे ऐकावे, अशी तिची सरळ अपेक्षा होती. रमाबाई प्रश्न विचारत. त्रैक्याचा सिद्धान्त बायबलात कुठे आहे ते दाखवा, म्हणत. मठाकडून मिळालेल्या क्रूसावरची अक्षरे लॅटिनमध्ये कशाला, संस्कृतात का नकोत, असे त्यांनी विचारले. लॅटिन त्यांना संस्कृतापेक्षा जास्त पवित्र वाटत नव्हते. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवू लागल्या. तिथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असा विचार निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. मी स्वदेशात पुरुषांच्या सभांत व्याख्याने दिली आहेत, मग इथे अडचण काय, असा रमाबाईंचा सवाल होता. आणि त्यांचे जेवण! अंडे घातलेले पक्वान्न त्या खात नसत. जेराल्डिनला यात जातीचा गर्व दिसला.

हा सारा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. पुस्तक इंग्रजीत आहे. धर्मविषयक वादाचे इतके जिवंत पुस्तक आपल्याकडे क्वचितच निघाले असेल. त्यात रमाबाईंचे उत्तर असे आहे की, हवे तर माझा गर्व पक्वान्नांत शोधा. आपले पूर्वग्रह पूर्ण सुटले नाहीत हे त्या मान्यही करतात. पण मी हिंदू आहे, माझ्या पूर्वजांच्या निरुपद्रवी चालीरीती मी का टाकाव्यात, हेही सांगतात. आपल्याला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे आणि देवाच्या इच्छेपुढे मान तुकवली म्हणजे प्रत्येक पाद्र्यापुढे तुकवली असा अर्थ होत नाही, हा त्यांचा सगळ्या पत्रांतला आग्रह.

जेराल्डिनच्या भाषेत हे सगळे प्राइड. मराठी वाचकाला मात्र तेच पान वाचताना अर्धाअधिक मजकूर स्वाभिमान या सदरात टाकावासा वाटतो. उरलेल्या अर्ध्याबद्दल मी तितका निश्चिंत नाही. दारात भाकरी मागताना अडकलेली जीभ आणि इंग्रज जोगिणीपुढे सपासप चालणारी लेखणी एकाच मुलीची आहे. दोन्हींच्या मुळाशी शास्त्र्याच्या घरचा ताठ कणा आहे. एका ठिकाणी त्या कण्याने घात केला आणि दुसऱ्या ठिकाणी जीव वाचवला. गर्व सरसकट वाईट आणि नम्रता सरसकट चांगली, असे प्रवचनात म्हणणे सोपे असते. कुणापुढची नम्रता, हे विचारल्याशिवाय तिला किंमत येत नाही. जी नम्रता राज्यकर्त्यांच्या जातीच्या बाईने रंगीत कातडीच्या बाईकडे मागितली, तिला मी तरी आज्ञाधारकपणा म्हणेन.

आता यातली खरी कलाटणी. गर्वाच्या ज्या आरोपाला रमाबाईंनी इतक्या ताकदीने उत्तर दिले, त्याहून वेगळ्या जागी त्यांना स्वतःलाच आपली उणीव सापडली, आणि ती दुसऱ्या कुणी दाखवण्याआधी. अमेरिकेहून परतून त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढल्या वर्षी ते याच घाटातून पुण्याला हलले. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हॅस्लम अनेक वर्षे धर्मोपदेश करत होता आणि तरी स्वतःचे परिवर्तन झालेच नव्हते, असे त्याला एके दिवशी उमगले. रमाबाईंना वाटले, हे तर माझेच. ‘साक्षी’त त्या सांगतात की, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. सगळी दर्शने तोलून, वाद करून, बुद्धीने पटले म्हणून आपण हा धर्म घेतला. निवड आपली, पारखही आपलीच. त्या स्वतः याला गर्व असे नाव देत नाहीत. पण ‘मी शोधले’ हे वाक्य ‘मला शोधले गेले’ असे फिरवायला त्यांना आठ वर्षे लागली, आणि पंडितेच्या दृष्टीने हे फिरवणे अंडे घातलेले पक्वान्न खाण्यापेक्षा कितीतरी अवघड होते.

या परिवर्तनानंतर त्या मवाळ झाल्या, असे समजून कुणी पुढचा इतिहास वाचला तर फसेल. १८९३ मध्ये सदनातल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, यावरून पुण्यात वादळ उठले. ‘केसरी’ने टीका केली आणि रानडे-भांडारकर आदी सल्लागारांनी अंग काढून घेतले. हिंदू पालकांना दिलेल्या तटस्थतेच्या शब्दाचे काय झाले, हा त्यांचा प्रश्न गैरवाजवी नव्हता. मला तर वाटते की रमाबाईंचा इथला बचाव त्यांच्या इंग्लंडातल्या पत्रांइतका भक्कम नाही. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या छावण्यांत बायकांची जी विटंबना चालली होती, तिच्याविरुद्ध त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये उघड पत्र लिहिले आणि गव्हर्नर सँडहर्स्टचा राग ओढवून घेतला. देवापुढे गुडघे टेकणारी बाई सरकारपुढे ताठ उभी होती.

आणि याच सुमारास दुसरा दुष्काळ. बोस्टनच्या ‘रमाबाई असोसिएशन’ने दहा वर्षे पैसे पुरवायचे कबूल केले होते; ती मुदत १८९८ ला संपणार होती. म्हणजे बांधलेली आवक थांबण्याच्या बेतात असताना रमाबाईंनी शेकडो उपाशी तोंडे घरात आणली. त्याआधी त्यांनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचे चरित्र वाचले होते. म्युलरने १८३६ पासून अनाथालये चालवली. वर्गणीसाठी तो कुणापुढे हात पसरत नसे, गरज फक्त प्रार्थनेत सांगे, आणि तरी हजारो मुले जगली. इंग्लंडसारख्या श्रीमंत ख्रिस्ती देशात हे ठीक, हिंदुस्थानात होईल का, अशी शंका रमाबाईंना आली होती. केडगावात त्यांनी ते करून पाहिले. दौंड तालुक्यातल्या त्या माळावर सुमारे शंभर एकर जमीन त्यांनी आधीच घेतली होती. तिथे ‘मुक्ती’ उभी राहिली आणि १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दीड हजाराच्या वर गेली.

इथे ‘प्रार्थना केली आणि पैसे आले’ एवढेच सांगून भाविक चरित्रे पुढे जातात. मला त्याहून अधिक लक्षात राहतात त्या विहिरी. माळावर पाणी नव्हते, तेव्हा विहिरी खणल्या. शेती केली, गाईगुरे ठेवली. माग बसवले, तेलाचा घाणा घातला, शिवणकाम, धोबीकाम, भटारखाना, छापखाना सुरू केला. मनोरमेने आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवली. ज्यांना समाज ‘पडलेल्या’ म्हणे त्यांच्यासाठी कृपा सदन वेगळे काढले. परदेशी मित्रांसाठी पत्रक निघे, आल्यागेल्याचा जाहीर हिशेब असे. म्युलरही वार्षिक अहवाल छापून काढत असे. अहवाल वाचून कुणाच्या मनात पैसे पाठवावेसे वाटणे म्हणजे मागणे नव्हे काय? चिकित्सक वाचकाने हा प्रश्न विचारावाच. माझे उत्तर असे की, नव्हे, पण फार लांबही नव्हे.

पण त्या कामांची यादी पहिल्या दुष्काळाशेजारी ठेवून वाचा. ‘आमच्याजवळ संस्कृताखेरीज पोट भरण्याचे कौशल्य नव्हते आणि हलके काम करायला आम्ही फार मानी होतो.’ बावीस वर्षांनी तीच मुलगी ब्राह्मण विधवेच्या हाती घाण्याची लाट आणि धोब्याचा दगड देते, आणि स्वतः त्यांच्यात राबते. वडील देवाच्या तरतुदीची वाट पाहत होते. मुलगी तरतूद मागत होती आणि विहीरही खणत होती. भाऊ डोंगरावर जे म्हणाला होता, ते केडगावच्या माळावर रोजच्या कामाचे वेळापत्रक झाले.

मग सुरुवातीचा प्रश्न उरतोच. दुष्काळ ही प्रार्थनेची पूर्तता कशी? रमाबाईंच्या लेखनात दुष्काळाचे समर्थन मला दिसत नाही. स्वतः उपाशी राहिलेली बाई ते करणारही नाही. शुभवर्तमानात एक बुरूज कोसळून माणसे मेल्याचा उल्लेख येतो. मेलेले इतरांपेक्षा जास्त पापी होते का, या तर्काला येशू थारा देत नाही. संकट का आले याचा हिशेब देणे हे ईश्वरी तरतुदीच्या ख्रिस्ती कल्पनेचे काम नाही, निदान तिच्या प्रामाणिक रूपात नाही. आलेल्या संकटात मी काय करावे, आणि केलेले माझ्या एकट्याच्या बळावर आहे असे समजू नये, एवढ्यापुरती ती बोलते. तरीही भुकेल्या, निराधार मुलींनी आश्रयदात्या बाईचा धर्म घेतला तर त्या घेण्यात त्यांची मोकळीक किती, ही टोचणी केवळ या उत्तराने जात नाही. ती जाऊही नये.

भरवशाची हीच परीक्षा दुसऱ्या एका मराठी घराने वेगळ्या रीतीने दिली. रेव्हरंड नारायण वामन टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती झाले आणि अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी बरीच वर्षे घालवली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यस्त वृत्तीने साताऱ्याला जाऊन ‘देवाचा दरबार’ सुरू केला. मिशनऱ्यांच्या पंखाखालचे ख्रिस्तीपण त्यांना परावलंबी वाटत होते. ख्रिस्त भजन-कीर्तनातून, याच मातीच्या चालीने लोकांपर्यंत जावा, असे त्यांचे मत. हे सगळे उदात्त आहे, पण ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला त्याची घरगुती बाजूही ठाऊक असते. टिळकांचा देवावर भरवसा आणि लक्ष्मीबाईंना उद्याच्या पिठाची काळजी! नवऱ्याने खिसा रिकामा करून यायचे आणि बायकोने डबे धुंडाळायचे. लक्ष्मीबाई हे हसत सांगतात म्हणून आपणही हसतो. एकाच्या श्रद्धेचा खर्च दुसऱ्याच्या नावावर पडत नाही ना, हे पाहण्याची शिस्त रमाबाईंजवळ अधिक होती, आणि त्याचे कारण बहुधा वडिलांच्या श्रद्धेचा खर्च त्यांनी स्वतः भरला होता.

त्याच पुस्तकात लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन आहे. बाजारातून आलेला पदार्थ धुतल्याशिवाय घरात घ्यायचा नाही असा तो कहर. त्या घरातली मुलगी पुढे नगरच्या, बहुतांश महार-मांग समाजातून आलेल्या ख्रिस्ती मंडळींत मिसळून गेली. ते एका दिवसात झाले नाही. एकेक सवय गळाली, मध्येच अडली, पुन्हा गळाली. गर्व जाण्याची ही चाल मला अधिक खरी वाटते.

रमाबाईंचे शेवटचे मोठे काम भाषेचे. आयुष्याची अखेरची बरीच वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. रूढ मराठी बायबल त्यांना संस्कृतप्रचुर वाटे. केडगावच्या स्वयंपाकघरातल्या, शेतावरच्या बाईला ते कळत नाही, ही त्यांची तक्रार होती. ज्या विद्येने कलकत्त्याला ‘सरस्वती’ म्हणवून घेतले, ती विद्या त्यांनी जाणूनबुजून मुडपून ठेवली आणि साध्या, कधी कधी ओबडधोबड मराठीत लिहिले. साहित्य म्हणून हे भाषांतर फार वाचनीय झाले आहे असे मी म्हणणार नाही. शब्दाला शब्द लावण्याच्या हट्टाने ते ठिकठिकाणी अडखळते. छपाईचे खिळे मुक्तीतल्याच मुलींनी जुळवले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. ज्या मुलीवर पुढचे सगळे सोपवायचे होते तीच गेली. रमाबाई भाषांतराच्या मुद्रितांकडे परतल्या, ते काम त्यांनी हातावेगळे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावात त्यांचे निधन झाले.